दारात उभा राहिलेला पाऊस

बाबा गेल्यानंतर आम्ही लाँड्री पुन्हा उघडली आणि गिऱ्हाइकांनी आमच्याशी हवेबद्दल बोलणं बंद केलं.

तसं कुणी ठरवलं नसणार. पण आमच्या दुकानात हवा हाच मुख्य विषय होता. कपडे त्यामागून यायचे. गिऱ्हाईक पायपुसण्यावर बूट घासता घासता विचारायचं, “काय, आज कोणता?” आणि बाबा काउंटरमागून सांगायचे, “आज पाहुणा आहे. चहा घेऊन जाईल.” म्हणजे पाऊस दुपारपर्यंत ओसरणार आणि कपडे उद्या मिळणार. “भाडेकरू आहे” म्हटलं की तो हलायचं नाव घेणार नाही, आठवडाभर आशा सोडा. आणि नुसताच गडगडाट होऊन थेंबही पडला नाही, तर “साहेब ओरडून गेले, काम काही झालं नाही.” हा हिशेब सगळ्या गल्लीला पाठ होता. लोक हसायचे आणि पावतीवरची तारीख न वाचताच ती खिशात घालायचे.

आता ते आवाज उतरवून यायचे. “आई कशी आहे?” विचारायचे, गठ्ठा ठेवायचे, पावती नीट वाचायचे. बाहेर हाडं गोठवणारा गारठा, तरी कुणी “काय थंडी पडलीय!” एवढंही म्हणत नव्हतं. जणू थंडी आमच्याच घरातली होती आणि तिच्याबद्दल आमच्यासमोर बोलणं बरं दिसलं नसतं.

आई पडद्यामागे इस्त्री करायची. पूर्वीही तेच करायची, पण मधूनमधून पुढे येऊन कुणाच्या कॉलरला नावं ठेवून जायची. आता ती येतच नव्हती. माझी रजा रविवारी संपत होती. काउंटरवर बसायला कुणी नसेल तर दुकान सोडावं आणि तिने माझ्याकडे यावं, असं मी सुचवलं होतं. माझ्या दोन खोल्यांत तिला इस्त्रीला माझे चार-पाच शर्ट मिळाले असते. ती म्हणाली, “तू म्हणशील तसं.” हे वाक्य आईने आजवर कुणालाही ऐकवलं नव्हतं. मला त्याचीच धास्ती बसली.

गुरुवारी सकाळपासून अवकाळी पावसाची पिरपिर लागली होती. समोरच्या दुकानातले चष्मेवाले काका लोकरी कोट घेऊन आले. बाबांचे जुने मित्र. त्यांनी कोट ठेवला, छत्री मिटली, तोंड उघडलं आणि परत बंद केलं. काय विचारायचं राहिलं ते मला कळलं. मला ते सहन होईना.

“आजचा पाऊस ना काका,” मी म्हणाले, “जुन्या पत्रातल्या ओळींसारखा आहे. पुसट, तरी संपत नाही.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून माझ्याकडे पाहिलं.

“छान,” ते म्हणाले. “मग कोट कधी मिळेल?”

पडद्यामागची इस्त्री थांबली.

“पत्रासारखा म्हणे!” आईचा आवाज आला. “कोट काय पाकिटात घालून वाळवणार आहेस?”

काकांनी मान लांब केली. “मग कसला आहे वहिनी?”

आत इस्त्री पुन्हा फिरू लागली. मला वाटलं, संपलं. मग आई म्हणाली, “चौकशीला आलेला आहे. बसत नाही, बसत नाही म्हणतो आणि तासभर दारातच उभा.”

काका स्वतः दारातच उभे होते. ते असे हसले की त्यांना काउंटरला धरावं लागलं. “म्हणजे परवा?”

“परवा कसला? लोकर आहे ती. सोमवारी.” आणि पडदा सारून आई बाहेर आली. तिने कोट उलटा केला, अस्तर पाहिलं, खिशातला रुमाल काढून काकांच्या हातात दिला.

“अगदी त्यांचंच बोलणं, वहिनी,” काका म्हणाले.

“त्यांचं?” आईने वर पाहिलं. “त्यांना पाऊस आला आणि पाऊस गेला, एवढंच यायचं. रोज सकाळी दाढी करताना विचारायचे, अगं, आज काय सांगू?”

हे मलाही ठाऊक नव्हतं. काकांना तर ते लागलंच. “इतकी वर्षं मी त्या माणसाला दाद देत आलो!”

“उसनी होती. आता इकडे द्या.”

पण लगेच ती कोटाच्या सैल बटणाशी चाळा करू लागली. “सांगायचे मात्र तेच. मी सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं.” मग हळू आवाजात म्हणाली, “सकाळी उठलं की अजून येतं तोंडात. विचारायला कुणी नाही.”

काकांनी घसा खाकरला. “अख्खी गल्ली विचारायची थांबलीय वहिनी. आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास होईल.”

“त्रास तुमच्या पडलेल्या तोंडांचा होतो.”

काका छत्री उघडून गेले. आई बाबांच्या उंच स्टुलाकडे पाहत राहिली, मग त्यावर बसली. पाय टेकेनात, तेव्हा तिने खाली एक खोकं ओढलं.

“तू आत जा. चादर अर्धी राहिलीय. आणि तिकीट काढून टाक तुझं. एकीचं.”

मी इस्त्री हातात घेतली तोच जवळच्या हॉस्पिटलमधली नर्स गणवेशांचा गठ्ठा घेऊन आली. “कशा आहात काकू?” तोच उतरवलेला आवाज.

“मी बरी आहे. आज कोणता, ते विचार.”

“आज... कोणता?”

“चौकशीला आलेला. बसत नाही, बसत नाही म्हणतो आणि दारात उभा.” आईने हे एका दमात, धुलाईचे दर सांगावेत तसं सांगितलं. बाबा ‘बसत नाही’नंतर कसे थांबले असते, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

“हो ना,” नर्स कळवळून म्हणाली. “येतात लोक. जीव असतो त्यांचा.”

“अगं, पाऊस उभा आहे, पाऊस!” आई म्हणाली. “इथे हसायचं असतं.”

मी आतून हसले, पडद्यापलीकडे नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नर्सने दचकून पडद्याकडे पाहिलं. मग नर्सही हसली आणि आईने तिचे गणवेश मोजायला घेतले.