पुरुषोत्तमरावांची बढती

‘अवर्षणाच्या साली पुरुषोत्तमराव कारकुनांनी तालुक्याचा संपूर्ण शेतसारा रयतेच्या राजीखुशीने, कसलीही जबरदस्ती न करता वसूल केला; सबब त्यांची मामलेदारीवर नेमणूक करण्यात येत आहे.’

कलेक्टरसाहेबांची ही प्रशस्ती अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, पुरुषोत्तमरावांचे वंशज डॉ. चंद्रशेखर यांच्या दिवाणखान्यात चौकटीत टांगलेली आहे. पाऊस नाही, पीक नाही, सारा मात्र पूर्ण. हा चमत्कार शेतकीशास्त्राला अद्याप साधलेला नाही. पुढच्याच वर्षी निम्मा तालुका पडीक राहिला, कारण राजीखुशीने देणारी रयत बैल विकून निजामाच्या हद्दीत निघून गेली होती. बैल राजीखुशीने कुणी विकत नाही. हे मी माझ्या भाचीला, म्हणजे डॉक्टरांची सून वीणा हिला, स्पष्ट सांगितलं. तिच्या तान्ह्या मुलाला पुरुषोत्तम हेच नाव ठेवण्याचं घाटत होतं.

बारशाला मागच्या अंगणाकडे उघडणाऱ्या बेसमेंटमध्ये पाळणा सजवला होता.

“बाबा, निमिष ठेवू या ना,” वीणा सासऱ्यांना पुन्हा म्हणाली.

“घराण्यातला पहिला सरकारी हुद्दा आहे तो. तुझ्या आसावरीमावशींना सगळे हुद्देदार चोर दिसतात, कारण त्यांना कुणी हुद्दा दिला नाही,” डॉक्टर माझ्याकडे पाहत म्हणाले.

“मावशी फुल प्रोफेसर आहे, बाबा.”

“इतिहासाची,” डॉक्टर म्हणाले, आणि पाहुणे हसले.

वीणाची थोरली, पाच वर्षांची आन्या, मागच्या काचेच्या दाराला नाक लावून उभी होती. “मम्मा, व्हाय आर दे बेंडिंग?”

अंगणात बर्फावर माणसं ओणवी उभी होती, पायाचे अंगठे धरून, पाठीवर धोंडे घेऊन. सारा थकवणाऱ्याला असं उभं करण्याची रीत मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. ओळखायला क्षणही लागला नाही. बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. इतरांनी पाहिलं, आणि त्यांना हरणं दिसली.

आत्याचा मान डॉक्टरांच्या मुलीचा. हिमानी पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात “कुर्र, पुरुषोत्तम” म्हणाली, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. हसणं थांबलं, धपाटे थांबले. हिमानी सरळ झाली नाही.

“पुरे ना यार. कोण रेलतंय माझ्यावर?”

तिला कुणीच शिवत नव्हतं. ती आणखी खाली गेली. वीणाने बाळ तिच्याखालून ओढून काढलं. दोन पुरुषांनी हिमानीला खांद्यांना धरून उचलू पाहिलं. ती तसूभरही हलली नाही. तिचा श्वास घरघरू लागला.

“बाबा, काढा ना हे,” हिमानी कण्हली.

काचेपलीकडची माणसं माना न उचलता दाराशी आली होती.

“काय केलं होतं पुरुषोत्तमरावांनी?” वीणाने सासऱ्यांना विचारलं. “बोला, बाबा. ती मरेल.”

“मला काय ठाऊक?” डॉक्टर म्हणाले. हिमानीच्या बरगडीत काहीतरी कडकन वाजलं.

मग डॉक्टरांचं तोंड उघडलं. पन्नास वर्षं मिशिगनमध्ये हृदयं शिवणाऱ्या माणसाची मराठी अशी नसते, आणि तो आवाजही त्यांचा नव्हता. वाक्यागणिक हिमानी थोडी थोडी सरळ होत गेली. शब्द जसेच्या तसे देते:

“शेतांत काडी नाही, हे मी स्वतः पाहून आलो होतो. साहेबांस तसे कळविले. साहेब म्हणाले, मामलेदाराची जागा रिकामी आहे. मला तेवढे पुरे झाले. धोंडे माझ्या हुकुमाने ठेविले. माणसे मेली, तरी उतरू दिले नाहीत. मागे उभे होते त्यांस धाक राहावा म्हणून.”