पोट आत ओढू नका!

मित्रांनो, समजा, तुमच्या अंगावर आकडे छापलेले आहेत आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तरीही एक माणूस रोज सकाळी तुम्हाला ताणून ताणून तुमच्याकडून खोटं वदवून घेतो. राग येईल की नाही? मग माझा राग समजून घ्या.

मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यातली. माझ्या टोकाची पितळी पट्टी आता झिजली आहे. कमरेचं माप देताना गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहिलं, की आमचे मास्तर हसायचे. "साहेब, पोट सैल सोडा. पँट तुम्हाला घालायची आहे, मला नाही!" मास्तरांच्या मापाला लोक नावाजायचे आणि मी गळ्यात ऐटीत झुलायचे.

मास्तरांनी एका माणसाचं माप मात्र कधी घेतलं नाही. स्वतःचं! दिवसभर मशीनपुढे बसायचं आणि आलेल्या प्रत्येकासोबत गोड चहा घ्यायचा. पँट शिवताना मागच्या शिवणीत जादा कापड दाबून ठेवतात. आपली पँट घट्ट झाली की मास्तर गुपचूप शिवण उसवत आणि ते कापड सोडत. एक दिवस तेही संपलं.

"अहो, आता काय पडदा जोडायचा?" मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मीही गळ्यात होतेच.

"ही चरबी नुसती कातडीखाली नाही," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "आत यकृताभोवती साठली आहे. तीच घात करते. सावकाश उतरवा. रोज चाला, साखर कमी करा, पोटभर पण साधं जेवा. महिन्याला अर्धा इंच गेला तरी मी पाठ थोपटीन."

अर्धा इंच! मास्तरांना तो अपमान वाटला. घरी येऊन त्यांनी लग्नातल्या मापाची नवी पँट शिवली, शिवणीत जराही कापड न ठेवता, आणि मशीनसमोरच्या खिळ्याला टांगली. "महिन्याभरात ही चढवून दाखवतो!"

मग जेवण बंद. नुसतं लिंबूपाणी. आणि रोज सकाळी श्वास रोखून, पोट पाठीला लावून, मला कातडीत रुतेपर्यंत आवळायचं. "बघ पोरी, दोन इंच गेले!" लेक टाळ्या वाजवायची. मी संतापाने जळायचे. माझ्या तोंडून, त्या लेकराशी खोटं! आकडा काय तुमचा वैरी आहे? तो फक्त सांगतो, आज कुठे उभे आहात ते.

एका दुपारी कापड कापता कापता मास्तर कोसळले. कपाळ मशीनच्या कडेवर आपटलं. दुकानात लेक एकटीच होती. "बाबा! बाबा!" ती किंचाळली आणि शेजारच्या चांभारकाकांना ओढत घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि वर चांगलं फैलावर घेतलं. "उपाशी राहून मरायचं होतं, तर माझ्याकडे आलात कशाला?"

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधलेल्या या माणसाने काय करावं? श्वास रोखून पुन्हा मला आवळलं! घाई आणि खोटेपणा, दोन्हींची मला चीड आहे. तुमच्या घरात कोणी असं करत असेल, तर टाळ्या वाजवू नका. त्याला अडवा.

लेकीने अडवलं. मला तिने बाबांच्या हातातून हिसकावून घेतलं. डोळे भरलेले होते, पण आवाज थेट मास्तरांचा.

"साहेब, पोट सैल सोडा. पँट तुम्हाला घालायची आहे, मला नाही."

मास्तरांनी श्वास सोडला. तिने मला हलकेच पोटाभोवती फिरवलं आणि खरा आकडा मोठ्याने वाचला. मास्तरांनी मान खाली घातली.

तिने खिळ्यावरची चिंचोळी पँट काढून चिंध्यांच्या गाठोड्यात कोंबली. बाबांची जुनी पँट घेतली, शिवणीच्या आत अर्ध्या इंचावर खडूने रेघ मारली आणि ती खिळ्याला टांगली. मग बाबांच्या चपला उचलून तिने दारात नेऊन ठेवल्या.