बेडूक उडाला नाही तेव्हा

मित्रांनो, माझा मूळ रंग हिरवा होता, हे आता फक्त माझ्या पोटाकडे पाहून कळते. मी चावीचा, पत्र्याचा बेडूक आहे आणि कोलकात्यातील एका बालविकास केंद्राच्या कपाटात माझे आयुष्य गेले. चावी पिळली की पोटातली स्प्रिंग आवळते. सोडली की उलगडते आणि मी उड्या मारतो. याहून अधिक माझ्यात काही नाही.

तरीही पालक माझ्याकडे न्यायाधीशाकडे पाहावे तसे पाहतात. ते चूक आहे. स्वमग्नता, जिला सगळे ऑटिझम म्हणतात, रक्त तपासून कळत नाही. एका खेळण्यावरून तर नाहीच. बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा आणि हालचालींचे उपचार करणारे, असे चौघे मुलाला आपापल्या परीने पाहतात आणि मग एकत्र बसून वाद घालतात. त्यात माझा वाटा लहान आहे. बहुतेक मुले माझी उडी पाहून आईकडे वळतात, ‘तूही पाहिलंस ना?’ अशा नजरेने. ती नजर दिसते का, एवढेच माझ्यामुळे कळते.

दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी आली तेव्हा मी अडगळीत गेलो होतो. मानसतज्ज्ञ मृणाल यांनीच मला परत काढले. “गोंगाट करत नाही बिचारा,” त्या म्हणाल्या. एवढी स्तुती मला पुरली.

केयूर प्रथम आला तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्याचे वडील उन्मेष बँकेत अधिकारी. बदलीमुळे कोलकात्याच्या बेहाला भागात राहणारे. केयूरने माझी उडी पाहिली नाही. उलट फिरणारी माझी चावी मात्र त्याने टेबलाला गाल टेकवून मन लावून पाहिली. इतक्या आदराने मला कुणी पाहिले नव्हते. आई मंजुषाकडे तो वळला नाही.

“घरी मराठी, सांभाळणाऱ्या आयाची बंगाली, शेजारी हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्लिश,” उन्मेष हसून म्हणाले. “मोठ्या माणसाचीही बोलती बंद होईल, मॅडम! नागपूरला बदली होऊ द्या, बडबडून डोकं खाईल.”

जास्त भाषांमुळे असे होत नाही, मृणाल यांनी सांगितले. घरी मराठीच बोला, उपचार लगेच सुरू करा, काही महिन्यांनी पुन्हा दाखवा.

“बघू,” उन्मेष म्हणाले. या शब्दानंतर काय होते, ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

काही महिन्यांनी ते पुन्हा आले, उपचार न घेता. मृणाल यांनी माझी चावी पिळली. आत काहीतरी कटकन तुटले आणि मी जागच्या जागी राहिलो.

केयूर वळला. आईच्या चेहऱ्याकडे बघून हसला.

“बघितलं! बघितलं त्यानं!” उन्मेष खुर्चीतून उठलेच. “मंजू, पाहिलंस ना?”

मृणाल यांनी चावी पुन्हा पिळली. मी हललो नाही. केयूर पुन्हा वळला, पुन्हा तेवढाच हसला, आणि त्याने आईपुढे हात पसरला.

मग मंजुषा म्हणाली, “बिस्कीट मागतोय तो.”

“मंजू, गप्प बस.”

“का गप्प बसू? न्यू मार्केटमधून असाच बेडूक आणला आपण. रोज शिकवलं त्याला. चावीचा आवाज आला की आईकडे बघायचं, हसायचं, मग बिस्कीट. मला वाटलं, आधी सवयीनं बघेल, मग खरंच बघेल.”

चौघा तज्ज्ञांनी बराच वेळ चर्चा केली. मी तर बंदच पडलो होतो; पण केयूरचे बोलणे, खेळ, आईने सांगितलेले सगळे एकाच दिशेने जात होते. निदान ठरले. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, “मुलगा हुशार आहे. शिकतो, हे तर तुम्हीच दाखवलंत. फक्त आता वाट पाहू नका.”

“नागपूरला गेलो की बघू,” उन्मेष म्हणाले आणि केयूरची चप्पल शोधू लागले.

मित्रांनो, मला दुरुस्त करायला वेळ लागला नाही. परवा मंजुषाचा फोन आला तेव्हा मी टेबलावरच होतो. बदली झालेली नाही. उपचार सुरू नाहीत. उन्मेष अजून ऑर्डरची वाट पाहतात.

तुमच्या घरी उशिरा बोलणारे भावंड असेल, तर ते कुठे बघते ते बघा. कुठे बघायचे ते पढवू नका. आणि मोठ्यांना सांगा की थांबू नका. माझ्या सांगण्याने कुणी ऐकल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही, तरी सांगतो.

फोन ठेवण्याआधी मंजुषा म्हणाली, “काल तो माझ्याकडे बघून हसला, मॅडम. काही कारण नसताना. आणि मला कळेचना, मला बघून हसला की बिस्किटासाठी.”

फोनवरून ते मृणाल यांना ठरवता येणार नव्हते. मलाही सांगता आले नसते.