नैवेद्याचा वास

"काडी ओढू नको!"

एका हातात केवडा आणि दुसऱ्या हातात केळीचे खुंट घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो आणि माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. आत गोपिका, माझी बायको, सोवळ्याचं लुगडं नेसून ओट्यापुढे उभी होती. डाव्या हातात माचिस, उजव्या हातात काडी. शेगडीवर तुपाची कढई. शेजारच्या परातीत ओल्या फडक्याखाली महालक्ष्म्यांवर टांगायच्या फुलोऱ्याच्या कणकेच्या वेण्या, फण्या, करंज्या. आणि घरभर गॅसचा असा वास, की डोळ्यांना पाणी यावं.

"अजी, अंगावर काहून खेकसून राहिले?" तिने मान वळवली. "आन् तिथंच थांबा. सोवळ्यात आहो मी. शिवाल नं!"

मी थांबलो नाही. बाजारातल्या चिखलाच्या चपलांसकट आत गेलो, तिच्या हातातली माचिस हिसकली, शेगडीची बटणं बंद केली, सिलिंडरची कळ फिरवली आणि खिडक्या सताड उघडल्या. पंख्याच्या बटणाला हात लावला नाही, एवढं शहाणपण उरलं होतं. उरायलाच हवं होतं. कोराडीच्या वीज केंद्रात, अग्निशमन विभागात माझी उभी हयात गेली. कुठे काय गळतंय, कुठे काय जळतंय हे हुंगत फिरायचा मला पगार मिळत होता.

गोपिका संतापाने लाल झाली होती.

"झालं? बाटवलं सगळं? सकाळपासून उपाशी पोटी करून राहिली मी. आता पुन्हा आंघोळ करा, पुन्हा कणीक मळा!"

"अवं, गॅस सुटला होता! भरून गेलं घर. तुले वास नाही आला?"

"आला नं," ती म्हणाली. "थोडासा."

थोडासा! कुंपणापलीकडच्या माणसाला ठसका लागला असता. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. राग होता, पण भीतीचा मागमूस नव्हता. ज्या बाईला गॅसचा वास आला ती हातात काडी घेऊन उभी कशी राहील? मी फडताळातून एक डबी काढली, झाकण उघडून तिच्या नाकाशी धरली.

"डोळे मीट. काय आहे सांग."

"हे काय पोरखेळ लावले तुम्ही?"

"सांग म्हणतो नं."

तिने डोळे मिटले. श्वास आत घेतला, अगदी मनापासून. फुलोऱ्याचा दिवस, गोडाधोडाचा दिवस. तिने विचार केला आणि म्हणाली, "इलायची."

डबी हिंगाची होती.

मी तिथेच खाली बसलो. गोपिकाने डोळे उघडले, डबीकडे पाहिलं आणि ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली. सोवळ्याचं तिला भान राहिलं नाही.

"कधीपासून?"

"कोरोनापासून."

दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही आडवे झालो होतो. दोघांनाही वास येईनासा झाला होता. मग एका सकाळी मला फोडणीचा वास आला आणि मी लुंगीवर घरभर नाचलो होतो. गोपिकाही हसली होती. "मलेबी आला जी," म्हणाली होती.

"खोटं काहून सांगितलं?"

"तुम्ही नाचून राहिले होते," ती म्हणाली. "कसं सांगू? वाटलं, आज नाई तं उद्या येईनच. डॉक्टर म्हणे येते हळूहळू. मी वाट पाहून राहिली."

किती वर्षं झाली त्याला! दोन वेळचं तिच्या हातचं जेवतोय, एका छताखाली झोपतोय, आणि मला पत्ता नाही. मी खुळ्यासारखा मागचं एकेक आठवत बसलो. दूध फाटलं का ते ती माझ्याकडून बघून घ्यायची. मी म्हणायचो, आता तुझं दूधही मीच बघू का? मोगऱ्याचा गजरा आणला तर "टेबलावर ठेवा" म्हणायची. उन्हाळ्यात मी कूलरच्या नव्या खसच्या वासाचं कौतुक केलं की मागून तिचं "हो नं, मस्त!" यायचं. नेहमी मागून. आधी मी बोलायचो, मग तिला वास यायचा. हे माझ्या लक्षात यायला घरात गॅस सुटावा लागला. घरची म्हैस मुकी अन् गुराखी बहिरा म्हणतात, तसा संसार चालला होता आमचा.

"आणि स्वयंपाक?"

"त्याले काय लागते? जिरं तडतडलं का ऐकू येते. तिखट-मीठ जिभेले कळते. तूप तापलं का बुडबुड्यावरून समजते. आज दूध उतू गेलं, आंच विझली. मी पुसून घेतलं आन् तोरण बांधाले गेली. वाटलं, बटण बंद केलं." ती पहिल्यांदाच काडीकडे बघून शहारली. "वाटलं."

तिने ती काडी मोडून खाली टाकली. मग ती म्हणाली, "एक सांगू? वर्षभर लपवा लागते मले. फक्त महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात नाई लागत. नैवेद्याचा वास कोनंच घ्यायचा नसते. त्या दिवशी मी सगळ्यासारखीच असतो."

हे ऐकलं आणि मला भडभडून आलं. आमच्या घरचा हा नियमच आहे. नैवेद्य चाखायचा तर नाहीच, पण हुंगायचाही नाही. हुंगला की उष्टा झाला. ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, त्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगला जातो, सोळा भाज्या, आंबील, पुरण मांडलं जातं, आणि घरभर दरवळ असूनही बायका देवापुढे ताट ठेवेपर्यंत तोंड फिरवून श्वास घेतात. मी लहानपणापासून या नियमाची टिंगल केली होती. त्याच नियमाने माझ्या बायकोला झाकून धरलं होतं.

"रोहितले सांगू नका," ती म्हणाली. रोहित आमचा मुलगा, संध्याकाळी सुनेला, मिनलला, घेऊन पुण्याहून येणार होता. "आन् आक्काले तं बिल्कुल नाई."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पार्वतीबाई. रामटेकला असते आणि दरवर्षी जेवणाच्या दिवशी येते. नैवेद्याच्या चुलीपुढची बाई अव्यंग पाहिजे, हा आमच्या घराण्याचा दुसरा नियम तिच्या तोंडी असतो. माझ्या आईचा एक डोळा गेला तेव्हा आक्कानेच हा नियम पुढे केला होता. आई, कांताबाई भोयर, जिच्या पुरणाचं नाव गावात होतं, ती त्या वर्षी बाहेरच्या ओसरीत फुलांच्या पाकळ्या काढत बसली आणि पुढेही दरवर्षी तिथेच बसली. त्या पहिल्या वर्षी चुलीपुढे गोपिकाला बसवलं होतं. नवी नवरी होती ती. सासू ओसरीवरून आत बघत होती आणि गोपिका रडत पुरण घोटत होती, ते मी पाहिलं आहे.

"तिसऱ्या दिवसापर्यंत थांबा," ती म्हणाली. "देव उठले का मंग सांगा ज्याले सांगायचं त्याले. शब्द देतो मी, आडवी नाई येणार."

"पण शेगडीले हात मी लावीन."

"तुम्ही? सोवळ्यात?"

"हो."

उभ्या आयुष्यात मी सोवळं नेसलो नव्हतो. त्या दिवशी थंड पाण्याने आंघोळ करून, रेशमी सोवळं पोटावर कसंबसं अडकवून स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. गोपिकाने नव्याने कणीक मळली. पेटवायचं काम माझं, तळायचं तिचं. सुटलेल्या सोवळ्याला एका हाताने धरून मी दुसऱ्या हाताने काडी ओढत होतो. ती मधूनच दटावायची, "गॅसचा वास घ्या. तुपाचा घेऊ नका."

"नाकाले कसं सांगू वं?"

"मले इचारता?" ती म्हणाली. तळणीवरची नजर तिने काढली नाही, पण तिच्या खांद्यावरून मला कळलं की हसतेय. मला मात्र हसू आलं नाही.

संध्याकाळी मिनल आली आणि दारातच थबकली. "बाबा, गॅसचा वास येतोय का थोडा?"

"सिलिंडर बदललं सकाळी," मी म्हणालो. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला त्या क्षणी समजलं. गोपिकाने ओसरीवरून माझ्याकडे पाहिलं. शाबासकी दिल्यासारखं!

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं. फुलोरा देखणा झाला होता. मुखवट्यांच्या डोक्यावर लाकडी चौकटीला दोऱ्याने टांगलेल्या त्या वेण्या नि फण्या, एकेक पेड मोजून घ्यावा अशा. आक्का आली, पाट सरकवून बसली आणि म्हणाली, "गोपिका, तुह्या पुरणाचा वास फाटकापर्यंत येऊन राहिला होता वं. मी तोंड फिरवून घेतलं, आपला नेम हाये नं बापा!"

"हो नं आक्का," गोपिका म्हणाली.

नैवेद्य झाला, आरती झाली. आता वास घ्यायला मोकळीक. मिनलने देवीपुढचं केवड्याचं एक पान उचलून स्वतः हुंगलं आणि कौतुकाने सासूसमोर धरलं. "आई, घ्या नं. काय सुंदर आहे!"

मी हातातलं ताट घट्ट धरलं. गोपिकाने पान नाकाशी नेलं. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला, क्षणभर धरला, आणि हळूच सोडत म्हणाली, "वा!"

काय सांगू, ते इतकं खरं होतं! इतका सुंदर 'वा' खरा वास आलेल्या माणसालाही जमत नाही. आणि तोच 'वा' मी इतकी वर्षं खसवर, साबणाच्या नव्या वडीवर ऐकत आलो होतो. मी ताटातलं पुरण नुसतं बोटाने फिरवत बसलो. आक्का म्हणाली, "काय झालं गा मनोहर? जेव नं." मी जेवलो. पुरण नेहमीसारखंच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्षता टाकून देव हलवले. आक्का परतायच्या तयारीत पिशवी बांधत होती. गोपिका मुखवटे मऊ फडक्याने पुसून लाकडी पेटीत ठेवत होती. माझ्या मनात आलं, तिने दिलेला शब्द राहू दे. कोणाला काही सांगायचं नाही. मी रोज सोवळं नेसून शेगडीपाशी बसेन.

तेवढ्यात गोपिकाच म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आक्का, मले वास येत नाई. कोरोना झाला तेव्हापासून येत नाई. परवा घरात गॅस भरला होता, हे आले म्हणून वाचली. नाई तं आज तुम्ही दुसऱ्याच कामाले आल्या असत्या."

मिनलचा हात तोंडावर गेला. रोहित जागचा उठला आणि उभाच राहिला. आक्काच्या हातातली पिशवी तशीच अर्धी बांधलेली. मी आक्काकडे पाहिलं; आता ती नियम काढणार आणि मी आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीवर ओरडणार, अशी तयारी केली होती. पण आक्काने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती टांगलेल्या फुलोऱ्याकडे बघत होती.

"म्हणजे इतके वर्षं..." एवढंच ती म्हणाली.

"हो," गोपिका म्हणाली. "पुढल्या वर्षी मिनल तळन. मी पेड वळीन. वळाले नाक लागत नाई. पन सासूबाईसारखी ओसरीत नाई बसणार मी, आक्का. आतच बसीन."

आक्काने पिशवी खाली ठेवली. फुलोऱ्यातली एक वेणी दोऱ्यातून सोडवली, पदराच्या टोकात बांधून घेतली आणि मान हलवली. ती हो म्हणाली की नुसतीच मान हलली, ते मी अजून विचारलेलं नाही. रोहित तिला बसस्टँडवर सोडायला गेला. मिनल डोळे पुसत आत भांडी आवरायला गेली.

देवापाशी आम्ही दोघंच उरलो. पेटीत दोन्ही मुखवटे ठेवून झाले होते. गोपिकाने वर ठेवायला म्हणून केवड्याचं सुकत आलेलं पान हातात घेतलं, ते पेटीत न ठेवता माझ्यासमोर धरलं.

"कसा आहे?" तिने विचारलं.

मी हुंगलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, "मागल्या वर्षीसारखाच आहे."

"मागल्या वर्षीचा मले कुठं माहीत आहे?"

ती रागाने बोलली नव्हती. खरंच वाट बघत होती. मी पान पुन्हा नाकाशी धरलं, तिच्या पहिल्या महालक्ष्म्यांना मी कोराडीहून आणलेला केवडा आठवला, आणि तिथपासून सांगायला सुरुवात केली.