राखाडी रंगातली अकरा नावं

इकडेतिकडे पाहू नका, मीच बोलतोय. मी एक वेबपान. दिघोरीच्या नाट्य मंडळाचं. वय वर्षं एकोणीस. माणसात हे वय कोवळं, पण आमच्या जातीत मी पार म्हातारा. माझ्या बरोबरीची पानं इंटरनेटवरून कधीच गळून गेली.

माझा जन्म लाखांदूरच्या एका नेट कॅफेत झाला. मंडळातल्या वासुदेवरावांच्या मुलानं, धर्मेंद्रनं मला लिहिलं, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात भजं धरून. त्या भज्याचं तेल अजून माझ्या कडांना आहे, पण हे सांगितलं की कोणाला पटत नाही. त्या काळी मला उघडायला एवढा वेळ लागायचा, की माणूस बटण दाबून घरी जायचा, धानाची एक बांधी रोवून परत यायचा, तेव्हा कुठे माझा मथळा दिसायचा. थोडं वाढवून सांगतोय. थोडंच.

माझं सगळं अंग टॅगांचं. नाटकात पडद्यामागे दोऱ्या ओढणारे असतात ना, तसे हे टॅग. इथून यादी सुरू, हे नाव ठळक, ते नाव रंगीत, एवढं सांगायचं आणि स्वतः दिसायचं नाही. माझ्या पोटात मंडळाच्या बत्तीस कलाकारांची यादी होती. आपलं नाव पाहायला गावातून माणसं एसटी भरभरून लाखांदूरला यायची. एकानं तर पडद्यावरच्या आपल्या नावाला कुंकू लावलं होतं. कॅफेवाला आठ दिवस पुसत होता.

मंडळाचे जीव की प्राण दोघं. वासुदेवराव आणि भैय्याजी. एका ताटात जेवायचे. पण एका प्रयोगात भैय्याजी इन्स्पेक्टर झाला आणि ऐन रंगात वाक्य विसरला. विंगेतून वासुदेवरावांनी ते असं काही ओरडून सांगितलं, की मागच्या रांगेनंही टाळ्या वाजवल्या. लोक हसले. भैय्याजी तसाच स्टेजवरून उतरला, रस्त्यावर आला आणि पहिली मिळेल ती एसटी धरून तुमसरला निघून गेला. अंगावर वर्दी होती, म्हणून कंडक्टरनं तिकीटसुद्धा मागितलं नाही म्हणतात. पुढे तिकडेच त्यानं तांदळाचा धंदा टाकला.

आठ दिवसांनी धर्मेंद्रनं विचारलं, "बाबा, भैय्याजी काकाचं नाव काढून टाकू का?"

"काढू नको," वासुदेवराव म्हणाले. "फक्त रंग उतरव."

धर्मेंद्रनं त्या नावाला राखाडी रंगाचा टॅग घातला. मग तोच नियम पडला. मंडळ सोडून जो गेला, मग तो देवाघरी जावो की नागपूरला, त्याचं नाव राखाडी. पुढे धर्मेंद्र नोकरीसाठी रायपूरला गेला आणि हा नियम कुठे लिहून ठेवायचा राहून गेला.

सतरा वर्षं झाली. शेतातून आले की वासुदेवराव मोबाइलवर मला उघडतात आणि बोटानं सरकवत थेट त्या एका नावाशी येऊन थांबतात. त्यांच्या बायको, उषाबाई म्हणायच्या, "लावा ना एक फोन."

"त्यानं लावाव पहिले."

"दोघंबी सत्तरीच्या पार गेले. कोन पहिले जाते, ते पाहाचं हाय का?"

यावर ते मला बंद करायचे. पण बोट जरा रेंगाळायचं, ते मलाच ठाऊक.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं होणार म्हणून मला नवं रूप द्यायचं ठरलं. काम आलं धर्मेंद्रच्या गुड्डीकडे. ती आजोबांकडे राहून लाखांदूरला कॉलेज करते. वासुदेवरावांनी बजावलं, "जे वारले, त्याइच्या नावापुढं कैलासवासी लाव. बिचारे तसेच राहिले."

गुड्डीनं यादी पाहिली. राखाडीतलं पहिलं नाव मंगरू ढोलकीवाल्याचं. त्याच्या तेराव्याला ती स्वतः जेवून आली होती. दुसराही गेलेलाच. पोरीनं मनाशी ठरवलं, राखाडी म्हणजे वारलेला.

बापानं एकेक अक्षर हातानं टाइप केलं होतं. ही मात्र एक तयार लायब्ररी घेऊन आली. पुस्तकांची नव्हे हो, आयत्या प्रोग्रामची. माझ्यासारख्या पानांची घडी उलगडून आतले टॅग धुंडाळणारी. तिनं आधी 'राखाडी टॅग शोध' म्हटलं, तर एकटा मंगरू हाती लागला. मग 'सगळे शोध' म्हटलं. गावात कोतवालानं दवंडी द्यावी तसं झालं. कोपऱ्याकोपऱ्यातून राखाडी टॅग उठून आले आणि रांगेत उभे राहिले. अकरा जण. तिनं त्या अख्ख्या रांगेलाच हुकूम सोडला, तर कोणी हललं नाही. रांगेला सांगून भागत नाही, रांगेतल्या एकेकाला सांगावं लागतं. हे तिच्या लक्षात आलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अकराही नावांपुढे 'कै.' लागलं.

मी आतून ओरडत होतो, अगं, यातले चौघं चांगले खाऊनपिऊन आहेत! पण पानाचं ऐकतं कोण? तिनं मला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं आणि ती कॉलेजला गेली.

दुपारी वासुदेवराव बांधीवरून आले. खाटेवर बसून त्यांनी मला उघडलं, सरकवलं, थांबले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांना वाटलं, नातीला कुठून तरी खबर लागली असावी. मला तसंच उघडं टाकून ते उठले. बोअरिंगच्या हापशाचा आवाज आला. परतले ते अंगावरच्या कपड्यांनिशी निथळत.

"आता काहून आंगोळ केली?" उषाबाईंनी विचारलं.

"भैय्या गेला."

उषाबाईंनी चुलीवरचं भांडं खाली उतरवून ठेवलं. दोघंही ओसरीवर येऊन बसले.

तेवढ्यात दारात जीप थांबली. तुमसरच्या बाजारात कोणीतरी सकाळीच मोबाइल दाखवला होता. तो पाहून भैय्याजी जो निघाला, तो वाटेत चहालाही थांबला नव्हता.

"वासुदेव! सतरा वर्स बोलला नाही, अन् आता डायरेक्ट कैलासवासी? लोकं माह्या पोराले मातीची वेळ विचारून राहिले!"

वासुदेवरावांनी बसल्या जागेवरून हात लांबवून त्याची बाही चाचपून पाहिली.

"अन् हा भर दुपारी असा वल्लाचिंब काहून बसला?"

"तुमच्या नावाची आंगोळ केली त्याइनं," उषाबाई म्हणाल्या. "घरच्या मान्साची करतेत तशी."

भैय्याजी तिथेच खाली बसला. सकाळपासून जमवलेलं भांडण त्याला आठवेना. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि वासुदेवरावांचं डोकं खसाखसा पुसायला लागला.

"सर्दी होईन, लेका. खराच गेलास तं मले आंगोळ करा लागन. अन् थंडं पानी मले सोसत नाही."

संध्याकाळी गुड्डी आली. ओसरीवर चहा पिणारा कैलासवासी पाहून तिच्या हातातली बॅगच पडली. झाला प्रकार कळल्यावर तिला रडू आलं, तर दोघं म्हातारे तिलाच समजवायला लागले. मग तिनं लॅपटॉप काढला आणि एकेक नाव विचारलं. सात खरेच गेलेले. चौघं आहेत. आता रंग पाहून नाही, नावं देऊन तिनं तिघांना शोधलं आणि त्यांचं 'कै.' उतरवलं.

चौथ्याला वासुदेवराव म्हणाले, "थांब, हे मले करू दे."

गुड्डीनं मला हातानं बदलता येईल असं उघडून दिलं. त्यांनी एका बोटानं बटण दाबलं. टिंब गेलं. पुन्हा दाबलं, मात्रा गेली. उघडाबोडका 'क' तेवढा राहिला. तिसऱ्यांदा दाबलं आणि भैय्याजी जिवंत झाला.

"अन् हा राखाडी?" भैय्याजीनं पडद्याकडे बोट केलं. "हाबी काढ ना बाप्पा."

"तालमीले येशीन तवा निघन."

तालीम परवापासून आहे. तोवर मी असा आहे, अर्धा जुना, अर्धा नवा. तुम्ही मला उघडाल, तेव्हा विनंती एवढीच. ते राखाडी नाव दिसलं तर हळहळू नका. तो माणूस आत्ता ओसरीवर बसून तिसरा चहा मागतोय.