एक खोटं, एक खरं

विष चहात नव्हतं, साखरेत होतं.

मेलेल्या माणसाची नखं वाढत नाहीत. कातडी आक्रसते म्हणून तसं वाटतं.

माळी निर्दोष. माळी नेहमीच निर्दोष.

मधमाश्यांना परकी माशी वासावरून कळते.

काच एका दमात कापायची. हात थबकला की काच दगा देते.

"वहिनी, जेवताना तरी पुस्तक मिटा."

यातलं शेवटचं वाक्य वहिनींच्या धाकट्या दिरांचं. काचेचं वाक्यही त्यांचंच, कारण फ्रेमच्या दुकानात काच कापायचं काम त्यांच्याकडे होतं. बाकी सगळं त्या वर्षीच्या पुस्तकांतलं. वहिनी त्याच दुकानात माउंट कापायच्या, म्हणजे फोटोभोवतीची ती जाड कागदाची चौकट. दीर त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मालकही म्हणायला लागले, आणि मग गिऱ्हाइकंसुद्धा.

पन्नाशी लागली त्या दिवशी वहिनींनी ठरवलं होतं: वर्षभर एक खोटं पुस्तक, मग एक खरं. खोटं म्हणजे खुनाची कादंबरी. खरं म्हणजे हाडं, मधमाश्या, तुरुंग, जे हाताला लागेल ते.

"खोट्याचं व्यसन आणि खऱ्याचं पथ्य," नवरा म्हणाला.

पण अर्ध्या पुस्तकात वहिनी खुनी सांगायच्या, आणि तो शेवटचं पान उघडून बघायचा आणि मान डोलवायचा. वर्ष असं छान चाललं होतं.

खोटं

फोटो हरवला तेव्हा वहिनींच्या हातात एका बेटावरच्या खुनाची कादंबरी होती.

फोटो एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. म्हणजे त्यांच्या बहिणीचा. दोन वेण्या, रुसलेला चेहरा, नऊ-दहा वर्षांची. एकच प्रत. मालकांनी सगळे खण उपसले, पुठ्ठ्यांचे गठ्ठे हलवले. फोटो नाही.

फोटो शेवटचा मागच्या खोलीत, भाऊजींच्या टेबलावर होता. खोलीची किल्ली भाऊजींकडे. त्या दिवशी बोटाला चिंधी गुंडाळून लवकर घरी गेले तेही भाऊजीच. आणि तेव्हापासून मान वर करून कोणाशी बोलत नव्हते.

"मला बोलायला जड जातंय, वहिनी," मालक म्हणाले. "पण दुसरं कोण?"

वहिनींना हसू आलं. "इतकं सगळं एकाच माणसाकडे बोट दाखवतंय ना, मालक? मग तो नक्कीच नाही. एवढं वाचलंय मी."

"पुस्तकातलं सोडा हो."

"सोडलं. माझ्या घरातला माणूस आहे, मी सांगते. तो निघाला तर दुसऱ्या दिवशी मीही येणार नाही. हा अॅप्रन तुमच्या टेबलावर."

भाऊजी दारातच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि काचा पुसायला गेले.

मग वहिनी कामाला लागल्या. कादंबरीत जो सगळ्यात साळसूद, तो. दुकानात सगळ्यात साळसूद म्हणजे हिशेबाच्या बाई. कोणाच्या अध्यात ना मध्यात. वहिनींनी त्यांना गप्पांच्या ओघात विचारलं, त्या दिवशी मागच्या खोलीत कशाला गेला होतात?

"पंखा बंद करायला," बाई म्हणाल्या. "तुम्ही चालू ठेवून गेला होतात." त्यानंतर त्यांनी वहिनींशी बोलणं टाकलं.

इकडे गृहस्थांनी दोनदा फोन केला. मालकांनी दोनदा थाप मारली. तिसऱ्या फोनला खरं सांगून भाऊजींना काढणार, हे त्यांनी वहिनींना बजावून ठेवलं. म्हणजे वहिनीही गेल्याच.

खरं

बेटावरचा खुनी डॉक्टर निघाला. वहिनींनी वकील धरला होता. वर्षातली पहिली चूक. त्यांना जेवण गोड लागलं नाही.

पाळी खऱ्या पुस्तकाची होती: एका निवृत्त न्यायाधीशाच्या आठवणी. ना रहस्य, ना बेट. आणि मधेच एक साधी ओळ: 'माझ्यापुढे आलेल्या बहुतेक खटल्यांत ज्याच्यावर पहिला संशय आला, त्यानेच ते केलेलं होतं. का केलं, हे मात्र त्याला शेवटपर्यंत कोणी विचारत नसे.'

वहिनींनी पुस्तक पालथं टाकलं आणि जिना चढून दिरांच्या खोलीत गेल्या. भाऊजी शर्टाला बटण लावत बसले होते.

"फोटो कुठे आहे?"

"कुठला फोटो?"

"भाऊजी, खोटं बोलायचं तर माझ्याइतकं वाचावं लागतं."

त्यांनी सुई शर्टात खोचून ठेवली. "दुरुस्तीला दिलाय. जुने फोटो बारीक ब्रशने नीट करणारा एक आहे, त्याच्याकडे. परवा मिळेल."

"दुरुस्ती कसली?"

"काच फुटली हातात. तुकडा फोटोवर पडला. उचलून बघतो तर मुलीच्या गालावर रेघ, ही एवढी. एकच प्रत होती, वहिनी."

"मग सांगायचं नाही?"

"सांगायलाच आलो होतो मालकांकडे. तर तुम्ही अॅप्रन पणाला लावून बसलेल्या. मी सांगितलं असतं तर तुम्ही घरी."

वहिनी खाटेवर टेकल्या. डोळ्यांसमोर ते दार आलं आणि त्यात उभे राहून उघडलेलं, मिटलेलं तोंड. बेटावर असं कोणी केलं असतं तर त्यांनी दहाव्या पानावर ओळखलं असतं.

"उद्या जायचं मालकांकडे," त्या म्हणाल्या. "दोघांनी. पुढे मी."

सकाळी त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता, हिशेबाच्या बाईंसमोर. बाईंची माफीही तिथेच मागितली. मग अॅप्रन सोडून, घडी करून टेबलावर ठेवला. शब्द म्हणजे शब्द.

मालकांनी घडीकडे पाहिलं. "पुस्तकांत असंच होतं का हो?"

"नाही. पुस्तकात एव्हाना अजून दोन माणसं मेली असती."

हिशेबाच्या बाई वहीत बघून हसल्या. मालकांनी अॅप्रन उचलून वहिनींच्या हातात दिला. "शब्द पाळलात, मी पाहिलं. आता हा घाला. त्या फोटोचं माउंट कोण कापणार? आणि तुम्ही," ते भाऊजींकडे वळले, "दुरुस्तीचं बिल आणा. काच दुकानाची होती."

फोटो आला. गाल स्वच्छ, रेघेचा मागमूस नाही. वहिनींनी फिकट पिवळं माउंट कापलं, भाऊजींनी एका दमात काच.

गृहस्थ न्यायला आले तेव्हा सगळे कान देऊन उभे. त्यांनी चष्मा चढवला. फ्रेम खिडकीकडे तिरपी धरली, मग दुसऱ्या बाजूने तिरपी. काचेवरून, गालाच्या जागी, अंगठा फिरवला. बराच वेळ.

"छान झालंय," ते म्हणाले, आणि फ्रेम काखेत धरून निघून गेले.

"बघा," वहिनी म्हणाल्या. "काही कळलं नाही त्यांना." आणि पुढच्या खोट्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.

ती रेघ साठ वर्षांपूर्वी, बहिणीशी भांडण झालं तेव्हा, त्या गृहस्थांनीच फोटोवर कंपासच्या टोकाने ओढली होती.