खेकड्यांच्या मालकाचं नाणं

आमच्या फ्रीजच्या वरच्या खणात खेकड्यांचे डब्बे होते, अन् डब्यांच्या बाजूले एक स्टीलची वाटी. वाटीत बर्फ, बर्फावर पाच रुपयांचं जाड नाणं. त्याले कोणी हात लावाचा नाही, असा माहा हुकूम होता. काहून, ते मी कोणालेच खरं सांगतलं नाही. खोटं मात्र लय रंगवून सांगतलं.

खेकडे माह्या भावाच्या, लहानूच्या वावरातले, उमरेडकडचे. भादव्यात धानाच्या बांध्यांत पाणी भरलेलं राहते, तवा कडेच्या धुऱ्यातल्या बिळांत खेकडे बसतात. लहानू सत्तरचा, मी बहात्तरची. दोघंबी चिखलात बसून बिळात खांद्यापर्यंत हात घालून राहिलो होतो. त्याच्या बोटाले खेकडा चावला, माह्या बोटाले नाही. मले पाहून खेकडेबी भेतात. बादली भरली, वरून ओलं गवत अन् ओलं पोतं, अन् मी एसटीत बसली. बाजूच्या बाईनं विचारलं, "बादलीत काय खुडबुडते जी?" म्हटलं, "सवतीचे लेकरं." बाई उठून मांगं जाऊन बसली. मले पाय पसरून बसाले भेटलं.

खेकड्याची एक गोठ असते. जित्ता हाय तोवरच त्याचा भरोसा. मेला की घंट्याभरात आतून सडते, वरून मात्र जसाच्या तसा दिसते. म्हणून रस्त्यात जे दोन मेले ते मी फेकले. बाकीचे बर्फाच्या पाण्यात टाकून सुन्न केले, पाठ उचकटली, आतली झालर काढली, हळद-मिठाच्या पाण्यात चांगले उकळले, थंड केले. मंग डब्यात भरून वरून थंड पाणी टाकलं, इतकं की नांगीचं टोकबी बाहेर दिसलं नाही पाहिजे. हवा लागली की मांस चामड्यावाणी होते. झाकणावर तारीख लिहिली अन् ठेवले गोठाले.

नाण्याची अक्कल कामठीच्या तुळसाबाईची. ती मच्छी विकते. ती मले म्हणे, "आजी, तू घरी नसली अन् लाइन गेली, तर डब्यातला बर्फ पाणी होईन. लाइन आली की पुन्हा गोठन. तुले काय समजन? वाटीत बर्फ कर, वर नाणं ठेव. नाणं वर दिसलं तर माल चांगला. नाणं खाली बुडालेलं दिसलं तर वास घेत बसू नोको, फेकून दे."

एवढीच गोठ. दोन मिनिटांत घरातल्यांले सांगता आली असती.

पण प्रणालीनं फ्रीज उघडला. प्रणाली म्हणजे माह्या नातवाची, पंकजची बायको. शिकलेली पोरगी, बँकेत जाते. तिनं विचारलं, "हे काय जी, आजी?"

तोंडातून निघून गेलं, "मालकाचं भाडं."

"कोणाचा मालक?"

"खेकड्यांचा. आमच्या नाल्यात बैलबंडीच्या चाकाएवढा हाय. माह्या आज्यानं पाहिला. एका नांगीत बैल धरलेला, दुसऱ्या नांगीत बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, ते वाजवून राहिला होता. आज्यानं हात जोडले, तवा करार झाला. माह्ये लेकरं न्याचे तर बर्फावर माह्यं भाडं ठेवाचं. ज्या दिवशी नाणं बुडन, त्या दिवशी मी आडवा आडवा चालत येईन अन् घरातलं सगळ्यात बुढं माणूस घेऊन जाईन."

"तुमच्या आज्याच्या वेळेस बर्फ कुठून आला?"

"इंग्रजाच्या बंगल्यातून."

प्रणाली हसली. मले तिचं हसणं काही पटलं नाही. मी देवाजवळची कोयरी आणली अन् नाण्यावर कुंकवाचं एक बोट टेकवलं. वरून डोळे मिटले. मंग तिचं हसणं जरा कमी झालं. मले भल्ली मजा आली. तवापासून रोज सकाळी चहाचं दूध काढाले ती फ्रीजजवळ गेली की मी विचारो, "पाहाय वं, मालकाचं नाणं वर हाय ना?" अन् ती पाहे. "वर हाय, आजी."

पंधरा दिवसांनी आमच्या बुढ्याले ताप भरला. नाव घ्याची आता लाज नाही, वामनराव. वय अठ्ठ्याहत्तर, घरात सगळ्यात मोठे. सारा जन्म हातमागावर बसले, छाती आधीच कमजोर. फुफ्फुसात पाणी झालं. अकरा दिवस दवाखाना. मी बाहेरच्या बाकड्यावरून उठली नाही. पंकज बुटीबोरीची ड्यूटी करून तिथंच झोपे. प्रणाली तेवढी कपडे न्याले घरी जाये-ये करे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. पाचव्या दिवशी तोंडावरची नळी निघाली. अकराव्या दिवशी आम्ही त्याहिले घरी आणलं.

घरी आणलं, पण माणूस जेवेच ना. मुगाचं पाणी, भाताची पेज, दोन चमचे की तोंड फिरवे. मनगट इतकं बारीक झालं की घड्याळ कोपरापर्यंत जाये. डॉक्टरनं सांगतलं होतं, अंगात ताकद बिलकुल नाही, आता पोट बिघडलं तर मोठं कठीण होईन. जे द्याल ते ताजं द्या.

असे बारा दिवस गेले. मंग शनिवारी सकाळी म्हणतात, "भागीरथे, ते लहानूकडचे खेकडे हायत का वं?"

मी पदर डोळ्याले लावला अन् पयले वरचा खण उघडला. नाणं वर. टिकलीसारखं बसलेलं. म्हटलं, तुळसाबाई, तुह्यं भलं होवो. डब्बा काढून रातभर फ्रीजच्या खालच्या खणात ठेवला, बाहेर नाही, हळूहळू सुटला पाहिजे. रविवारी दहा वाजता सैपाकाले लागली. कांदा भाजला, खोबरं भाजलं, भिवापुरी मिरची मात्र दोनच, बुढ्याच्या पोटापायी. खेकडा हातात घेतला तर मांस जरासं भुसभुशीत लागलं. वाटलं, दीड महिना होत आला, असंच राहात असन. मीठ पाहाच्या नावानं एक नांगी चोखली. आता खरं सांगतेच हाय तर, एक नाही, दोन चोखल्या. मसाल्यापुढं चव कुठं समजते!

बारा वाजता बुढे पाटावर बसले. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा खाली बसले. पंकजनं मांगून उशी लावली. प्रणालीनं वाटी वाढली, वरून सांबाराची हिरवी पानं टाकली. त्याहिनं वास घेतला अन् म्हणाले, "आता वाटते घरी आलो."

मले इतका आनंद झाला की म्हटलं, आज काही तरी त्यांच्यावरून उतरवून टाकलं पाहिजे. पैसा कुठं शोधाचा? फ्रीजमधलं नाणं आठवलं. डब्बा तर निघालाच होता. वाटी काढली, सुरीच्या टोकानं उचकटलं, नाणं सुटून हातात आलं.

नाणं कोरं होतं.

मी उलटून पाहिलं. कुंकू नाही. बर्फावर पाहिलं, लाल थेंबबी नाही. बर्फातलं कुंकू पुसाले कोण जाते? कुंकू जाईन तर एकाच रस्त्यानं, पाण्यात बुडून. अन् बुडालेलं नाणं आपल्या पायानं वर येत नाही.

मांगं वळली तर बुढ्यानं दोन चमचे पिऊन टाकले होते अन् तिसरा तोंडाजवळ होता.

"थुका!" मी वरडली. वाटीवर अशी झपटली की रस्सा त्यांच्या धोतरावर सांडला.

"काय झालं वं? याड लागलं काय?"

"प्रणाली, हे नाणं कोणी हलवलं?"

प्रणालीचं तोंड पांढरं झालं. "नाही जी. कोणीच नाही."

"बुडालं होतं काय?"

"नाही."

"माह्याकडं पाहून सांग."

ती बुढ्याकडं पाहून राहिली होती. माह्याकडं नाही. डोळ्यांत असं भेव की मले तवाच समजलं, या पोरीनं लपवलेलं हाय, अन् चोरासारखं नाही लपवलं, आईनं लेकराले लपवावं तसं लपवलं.

"अजी, जेवू दे ना मले," बुढे चिडले. "पंचवीस दिवसांनी भूक लागली, अन् इचं नाटक सुरू झालं."

"या रश्शात विष असन! मालकाची गोठ खोटी हाय. तो खेकडा, तो करार, सगळं मी बनवलं. नाणं लाइनसाठी होतं. लाइन जाऊन बर्फ वितळला तर समजावं म्हणून."

बुढे हसले. माह्या जिवाचं पाणी झालं अन् ते हसले. "ऐक रे पंकज. चौपन्न वर्षं झाली लग्नाले. इच्या आज्याचा बैल, घुंगरू, इंग्रजाचा बर्फ, सगळं खरं म्हणून इनं आईची शपथ खाल्ली. आज पहिल्यांदा म्हणते खोटं हाय. तेबी मी जेवाले बसलो तवा. आण ती वाटी."

पंकजबी म्हणे, "आजी, आज नोको ना वं. आबाजी जेवून राहिले."

कोणाचाच विश्वास नाही. अन् काहून ठेवावा? मी आजवर कोणती गोठ सरळ सांगतली होती? लोकं खोटं पचवाले शपथ खातात, मले खरं पचवाले शपथ सापडेना. मी वाटी पाठीमांगं धरून प्रणालीपुढं जमिनीवर बसली.

"बाई, कामठीच्या तुळसाबाईले फोन लाव. तिनंच सांगतलं मले. कुंकू मी लावलं ते फक्त तुले भेववाले. तू हसली होती म्हणून. मालक नाही, करार नाही, तू काहीबी सांगतलं तरी कोणी येत नाही. पण नाणं बुडालं होतं अन् तू नाही सांगतलं, तर हा माणूस जाईन. खराखुरा जाईन."

तिचे होठ हलले. "सांगतलं तर मोडन ना, आजी."

"काय मोडन?"

मंग ती रडत रडत बोलली. तिसऱ्या दिवशी, डॉक्टरनं काही सांगता येत नाही म्हटलं त्या दुपारी, ती कपडे न्याले घरी आली होती. मोहल्ल्याची डीपी जळली होती, दोन दिवसांपासून लाइन नव्हती. फ्रीजखाली पाण्याचं थारोळं. वाटीत लाल पाणी अन् नाणं तळाशी. ती तिथंच खाली बसली. सांजच्याले लाइन आली तवा तिनं वाटी धुतली, नवं पाणी गोठाले ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन नाणं पुन्हा वर ठेवलं अन् मालकाले हात जोडले, मी कोणाले सांगत नाही, तू आबाजींले सोड. त्याच्या दुसऱ्या दिवशी आबाजींच्या तोंडावरची नळी निघाली.

"अन् डब्बे?" मी विचारलं.

"डब्यांत नुसतं पाणी होतं. कोमट. मले वाटलं पुन्हा गोठले तर काय बिघडलं. माह्या ध्यानात फक्त नाणं होतं, आजी."

कोमट. तो शब्द ऐकला अन् बुढ्यानं आपल्या हातानं चमचा खाली ठेवला.

पंकजनं डॉक्टरले फोन लावला. डॉक्टर म्हणाले, दोनच चमचे गेले असन तर लक्ष ठेवा. उलटी, जुलाब, काहीबी झालं की वाट पाहू नका, घेऊन या. एकदा आत सडलं की कितीबी उकळा, सगळं जात नाही, हेबी म्हणाले. पंकजनं रस्सा अन् राहिलेले डब्बे पोत्यात बांधले अन् मांगच्या जागेत खड्डा करून पुरले. कुत्र्याले नाही, मांजरीले नाही.

मंग आम्ही तिघं बुढ्यापुढं बसलो. एक वाजला. दोन वाजले. त्याहिले ढेकर आला की मी उभी राहो. ते म्हणत, "बस वं. हवा होय." तीन वाजता ते संडासात गेले. मी दाराले कान लावला. आतून काहीच आवाज नाही. किती वेळ गेला मले माहीत नाही, प्रणालीनं माहा हात इतका दाबला की बांगडी पिचकली. मंग नळ सुरू झाला. बाहेर येऊन म्हणतात, "दोघीजणी दाराशी? लग्नातबी इतकं लक्ष नव्हतं माह्याकडं."

चार वाजले. ते म्हणाले, "बसलीच हायस तर एखादी गोठ सांग, टाइम जाईन." मी तोंड उघडलं. एकबी गोठ आठवली नाही. बहात्तर वर्षांत पहिल्यांदा.

साडेचारले माह्याच पोटात पीळ पडला. दोन नांग्यांचं मी कोणाले सांगतलंच नव्हतं. म्हटलं, असू दे, याहिच्या वाट्याचं मले येवो. मोरीपर्यंत गेली अन् भिंतीले धरून बसली. बुढे बिछान्यावरून म्हणतात, "आता इचं नाटक." पण प्रणालीनं माह्यं तोंड पाहिलं अन् पंकजले हाक मारली. आटोत बसतानी मले भोवळ आली. दोन दिवस सलाईन लागलं. पायांत असे गोळे येत की मी आडवी पडून आडवीच सरको. नर्सले म्हणाली, "बाई, मी खेकडा होऊन राहिली." ती हसली. प्रणाली नाही हसली.

बुढ्याले काहीच झालं नाही. ते तिसऱ्या दिवशी काठी टेकत मले न्याले आले.

आता फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला हाय. प्रणालीनं लिहिला, मी सांगतला: "नाणं बुडालेलं दिसलं म्हणजे लाइन गेली होती. आतलं सगळं फेका. बाकी काही नाही." त्यातलं 'बाकी काही नाही' हे मी तिले दोनदा लिहाले लावलं. लहानूनं पुन्हा खेकडे पाठवले, डब्बे भरले, नवी वाटी ठेवली. कुंकू लावलं नाही.

रोज पहाटे प्रणाली उठाच्या आधी मी वरचा खण उघडते. नाणं पाहाते. मंग बुढ्याच्या खाटेजवळ जाऊन उभी राहाते, त्यांच्या छातीवरची चादर वर होते काय ते पाहाते. एकदा झाली, दोनदा झाली, की गंजात चहा ठेवते. त्या खेकड्याले मीच बनवलं, त्याच्या नांगीत घुंगरू मीच देलं. पण परवा पहाटे रस्त्यानं कोणाचा तरी बैल गेला अन् घुंगरू वाजलं, तर माह्या हातातून दुधाचा गंज सुटला.